बेसिरो दवाखान्यातही ऐकू येऊ द्या

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
बोलिव्हिया

सादर नमस्कार.

मी महाराष्ट्रात मराठी शिकवते. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांतला फरक मला पहिलीच्या मुलांना कधी शिकवावा लागला नाही. तो ती घरूनच घेऊन येतात. म्हणून आपल्या देशाच्या पूर्वेकडच्या चिकितानो लोकांची बेसिरो भाषा वाचनात आली तेव्हा मी थबकले. तिथे बायकांची बोली आणि पुरुषांची बोली वेगळी. पुरुषांविषयी किंवा देवाविषयी बोलताना पुरुष शब्दांची खास रूपं वापरतो. तीच हकिगत बाई सांगते तेव्हा ती रूपं येत नाहीत. म्हणजे मुलाला ही भाषा पुरती यायची तर आजी आणि आजोबा दोघंही कानावर पडायला हवेत. पाठ्यपुस्तकात एकच बोली छापली, तर अर्धी भाषा आपणच पुसली असं होईल.

आमच्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं शव आहे. त्याच्याच नावाचं सान हावियेर हे गाव 1691 मध्ये जेझुइटांनी, म्हणजे झेवियरच्याच पंथाच्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी, चिकितानोंच्या मुलखात वसवलं. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या जमाती अशा गावांत एकत्र आणल्या गेल्या आणि चिकितानो, म्हणजेच बेसिरो, ही सगळ्यांची सामाईक भाषा ठरली. त्यात कितीतरी लहान भाषा विरघळून गेल्या, हेही विसरता येत नाही. 1767 मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली, पण गावकऱ्यांनी त्यांच्या काळच्या देवळातल्या संगीताच्या वह्या जपल्या. पुढे गुरांच्या मोठमोठ्या वाड्या आल्या, रबराचा धंदा आला, माणसं मालकांच्या कर्जात बांधली गेली. तरीही त्या वह्या राहिल्या. आज त्याच भागातल्या कॉन्सेप्सियोन गावच्या संग्रहात अशी हजारो पानं आहेत, आणि त्यांत झेवियरवरचा एक ऑपेरा चिकितानो भाषेत आहे. तिथली सहा मिशन-गावं 1990 पासून जागतिक वारसा आहेत. 1996 पासून बरोक, म्हणजे त्या काळच्या युरोपीय धाटणीच्या, संगीताचा महोत्सव भरतो, जगभरचे वादक येतात. याचा मला मनापासून आनंद आहे.

पण मंत्रिमहोदय, जी भाषा देवळात गायली जाते ती सरकारी दवाखान्यात का बोलली जात नाही? आपल्या 2009 च्या राज्यघटनेने स्पॅनिशबरोबर 36 मूळ भाषांना अधिकृत दर्जा दिला, त्यांत बेसिरो आहे. त्याच घटनेच्या 234 व्या कलमानुसार सरकारी नोकराला किमान दोन अधिकृत भाषा यायला हव्यात. 2012 चा भाषाहक्कांचा कायदाही आहे. इतकं स्पष्ट लिहिणारे देश जगात थोडेच, आणि त्याबद्दल मला आपल्या देशाविषयी आदर वाटतो. म्हणूनच मागणं आपल्याकडे आहे.

स्वतःला चिकितानो म्हणवणारे लाखावर आहेत. बेसिरो बोलणारे मात्र त्यांतले थोडे, आणि तेही बहुतेक वयस्क. कितीतरी आईबापांनी मुलांशी स्पॅनिशच बोलायचं ठरवलं, कारण बेसिरो बोलणाऱ्याला हसलं जात होतं. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. लेकराने अपमान सोसू नये असंच कुठल्याही आईला वाटणार. पण आजारी म्हातारीला नर्सने बेसिरोत ‘कुठे दुखतंय?’ विचारलं, जमिनीच्या कचेरीतल्या कारकुनाने तिचा अर्ज तिच्याच भाषेत समजून घेतला, तर शेजारी उभा असलेला नातू ते ऐकेल. शाळेतल्या दहा धड्यांनी होणार नाही ते तिथे होईल.

तेव्हा चिकितानियात, म्हणजे चिकितानोंच्या या मुलखात, नेमणूक होणाऱ्या शिक्षकांना, परिचारिकांना आणि कारकुनांना बेसिरो शिकवण्याची सोय करा, आणि ती शिकल्याशिवाय त्यांची नोकरी कायम करू नका. लोमेरियोसारख्या, जिथे भाषा अजून बोलली जाते, अशा भागांतल्या वडीलधाऱ्यांना मानधन देऊन शिकवायला बोलवा. त्यांत बायका अर्ध्या असू द्या. त्यांच्या तोंडची बेसिरो दुसऱ्या कुणाकडून शिकता यायची नाही.

आपली नम्र,
एक मराठी शिक्षिका