पाचवा सेल

प्रिय लंब्या,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. फोन केला असता तर पाऊसपाण्याचं बोलून ठेवून दिला असता, हे मला माहीत आहे, म्हणून कागद घेऊन बसलो.

रविवारी इलेक्ट्रिक सायकलचा बॅटरी पॅक उघडला. बीएमएसची, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटची, एक बारीक वायर बदलायची होती, तेवढंच काम. झाकण काढलं आणि गोडसर वास आला, नेलपॉलिशची बाटली उघडल्यासारखा. तुला आता पुढचं सांगायला नको. पाचव्या सेलचा पॉझिटिव्ह टॅब, म्हणजे वीज बाहेर आणणारी धातूची पातळ पट्टी, पाउचमधून, म्हणजे सेलच्या मऊ पिशवीसारख्या आवरणातून, बाहेर पडतो तिथे, अगदी मुळाशी, केसाएवढी चीर होती आणि शेजारची शिवण आतल्या द्रवाने ओलसर झालेली.

रात्रभर झोप नाही. काय चुकलं ते बघताक्षणी कळलं होतं. १३ सेल मी उभे केले, टॅब वर, आणि टॅब सरळ ताणून सेल जोडणाऱ्या पट्टीला बोल्टने आवळले. खालच्या कडेला साधा स्पंज. तो स्पंज दबून बसला, सेल दोनेक मिलिमीटर खाली सरकले आणि तेव्हापासून एकेक सेल आपापल्या टॅबला लटकत होता. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्या पातळ अॅल्युमिनियमने झेलला. महिनाभर पाचव्या सेलचा व्होल्टेज चढावर इतरांपेक्षा खाली जायचा आणि सायकल थांबली की पुन्हा बरोबरीला यायचा. मी वायरला दोष देत बसलो. सेल ठीकच होता, वाढला होता तो चिरलेल्या टॅबचा रेझिस्टन्स.

आणि आता आपलं भांडण. तू म्हणालास, पाउच दाबून बांधायचा असतो. मी म्हणालो, त्याला फुगायला जागा लागते, तू जीव घेशील त्याचा. त्यावर तू "तुझ्याशी बोलण्यापेक्षा वेल्डिंग मशीनशी बोललेलं बरं" म्हणालास आणि मी उठून गेलो. लंब्या, तुझं बरोबर होतं. चार्ज करताना निगेटिव्ह बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत लिथियम शिरलं की ते थर १० टक्क्यांच्या आसपास रुंदावतात, म्हणजे सेल प्रत्येक चार्जिंगला श्वास घेतोच. पण त्यासाठी मोकळं सोडलं तर आतले थर एकमेकांपासून सुटतात, आणि फार आवळलं तर दोन इलेक्ट्रोडमधल्या पडद्याची, सेपरेटरची, छिद्रं दाबली जातात. सपाट, सारखा, थोडा लवचिक दाब हवा. मी जागा सोडली आणि तिलाच काळजी समजलो.

सॅमसंगच्या नोट ७ फोनच्या बॅटऱ्या पेट घेत होत्या, ते प्रकरण आठवतं? २०१६ साली तू वहीच्या मागच्या पानावर सेलचा कोपरा काढून दाखवला होतास, इथेच दुखणार म्हणून. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणं जाहीर केली, त्यात एका प्रकारच्या सेलमध्ये वरच्या कोपऱ्यात निगेटिव्ह इलेक्ट्रोड वाकल्याचं निघालं. तेव्हा तू मला तीन दिवस छळलंस. आणि परवा माझ्याच पेटीत पहिल्या सेलचा कोपरा एका स्क्रूच्या डोक्याला टेकलेला सापडला. तिथे खळगा पडलाय. गळती नाही, पण तो सेल मी परत वापरणार नाही. दोन्ही सेल न टोचता, न दाबता, टॅबला टेप लावून बाहेर वाळूच्या बादल्यांत ठेवलेत.

नवी मांडणी अशी ठरवली आहे, यात खोट काढ. सेल उभेच, टॅब वरच. तू आडवे म्हणायचास. घरात एका जागी असणाऱ्या पॅकला ते मी मान्य करतो, विजेच्या दृष्टीने सेलला आडवं-उभं सारखंच. पण सायकलवर प्रत्येक धक्क्याला वरच्या बाराजणांचं वजन सगळ्यात खालच्यावर येणार. म्हणून उभे, फक्त वजन कडेवर नको आणि टॅबवर तर मुळीच नको. दोन टोकांना जाड सपाट पत्रे, आतून फायबरग्लासची शीट, दोन सेलच्या मध्ये फोम, आणि कोपऱ्यांतून नळी चढवलेले चार लांब बोल्ट. सेल पोटावर धरले जातील. दाब सेलच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, दिलाय तेवढाच, बांधताना सेल अर्धे चार्ज. टॅबला पट्टीच्या आधी छोटासा यू आकाराचा बाक, म्हणजे हालचाल तिथे जिरेल. शिवणीच्या कापलेल्या कडेला फिल्ममधलं अॅल्युमिनियम उघडं असतं, तिथे कॅप्टॉन टेप, वीज आणि उष्णता रोखणारी. पट्ट्यांवर झाकण आधी, बाकीचं मग. वरून पाना पडला तर काय होतं ते आपण एकदा पाहिलंय. सोल्डर अजिबात नाही, उष्णतेने टॅबजवळची शिवण मऊ पडते. बाक केवढा ठेवू? तू काहीतरी आकडा सांगितला होतास, मी रागात ऐकलाच नाही.

तुझं घर झालं का? वहिनींची बदली? मुलीची परीक्षा कशी गेली? सर भेटले तर नमस्कार सांग. माझी पाठ ठीक आहे, आईही बरी आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. असाच दुसरा पॅक मी भाच्याला बांधून दिलाय. तोच स्पंज, तेच ताणलेले टॅब, एकाच आठवड्यात बांधलेले. वर्षभर तो रोज त्यावर क्लासला जातोय आणि रात्री खोलीत चार्ज करतोय. ते आठवलं आणि हात गार पडले. रविवारीच फोन केला. पॅक सायकलवरून काढायला लावला, चार्जर बंद, आणि पॅक घराबाहेर अंगणात, सावलीत, मोकळ्या फरशीवर. पण तो उघडायला मी त्याला सांगू शकत नाही. ५० व्होल्टच्या आसपास उघड्या पट्ट्या आणि त्याच्या बोटात अंगठी.

तू त्याच्यापासून तासाभरावर आहेस. जाशील? अंगठी आधी काढायला लाव, पान्यांना टेप गुंडाळ. झाकण उघडलंस की प्रथम वास घे, मग टॅबची मुळं भिंगाने बघ, आणि तुझ्या कॅलिपरने प्रत्येक सेल मध्यावर आणि कडेला मोज. वास आला किंवा एकही फुगलेला दिसला तर पुढे हात लावू नकोस, मला फोन कर, मी निघतो.

आणि त्याला ओरडू नकोस. बांधलाय मी.

तुझा,
गोट्या