मधल्या वयाच्या वाचकांसाठी: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दर शनिवारी मी पाचवी ते सातवीच्या मुलांना पुस्तकं वाचून दाखवते. गेल्या पावसाळ्यात ल. म. कडू यांची ‘खारीच्या वाटा’ घेतली होती. धरणात बुडणाऱ्या गावातल्या मुलाची ही कादंबरी. पुढच्या शनिवारी सहावीतला एक मुलगा तासाआधीच येऊन उभा राहिला. घरी आजीला गोष्ट सांगताना त्याला कळलं होतं की त्यांचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. “बाई, आजी म्हणाली पुस्तक घरी आण, मला वाचून दाखव.” मी दिलं, कारण प्रत माझी होती. शाळेच्या कपाटातली पुस्तकं घरी जात नाहीत. हरवलं तर भरपाई कुणी द्यायची, ही मुख्याध्यापकांची भीती मला समजते.

त्या कपाटात थोरांची चरित्रं आहेत, बोधकथा आहेत आणि मग एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी जवळजवळ काहीच नाही. याच वयात मूल पहिल्यांदा एकट्याने, सलग, लांबलचक वाचू लागतं. घरातलं कर्ज, बाबांचं सुटलेलं काम त्याला कळत असतं, पण विचारायची सोय नसते. चांगली कादंबरी त्याला उपदेश करत बसत नाही. ती हसवते, पुढे काय होणार म्हणून जेवणावरून उठवते आणि जाता जाता त्याच्या मनातलं बोलून जाते.

अशी पुस्तकं मराठीत आहेत. ‘खारीच्या वाटा’ला २०१७ मध्ये आणि संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला २०२२ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आमच्या शाळेत मात्र दोन्ही माझ्या पिशवीतून पोचली.

प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत, असं शिक्षण हक्क कायद्याची अनुसूचीच सांगते. म्हणून विनंती आहे की पुस्तकखरेदीच्या यादीत या वयासाठी वेगळा विभाग करा, त्यात अलीकडच्या कादंबऱ्या घ्या आणि निवडीला सहावी-सातवीची मुलंही बसवा. त्याहून निकडीचं म्हणजे, वाचताना फाटलेल्या किंवा हरवलेल्या पुस्तकाची वसुली शिक्षकांकडून होणार नाही, असं परिपत्रक काढा. त्याशिवाय नवी पुस्तकंही कुलपातच राहतील.

माझी ती प्रत अजून परत आलेली नाही. आजी दुसऱ्यांदा ऐकते आहे.

आपली नम्र,
शनिवारच्या वाचनतासाची बाई