बाबा, तो फोटो माझाच आहे

सॅक्रामेंटो,
8 डिसेंबर 2024

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी बाबा फोनवर फक्त थंडीबद्दल बोलले. निफाडचा पारा, द्राक्षबागेतल्या शेकोट्या, आणि लगेच "थांब, आईला देतो". तेव्हाच मला कळलं की दादाच्या फोनवरचा तो फोटो तुम्ही पाहिलात. हो बाबा, तो माझाच आहे. बंदूक माझी आणि हातातलं बदकही मीच मारलेलं. हे तुम्हाला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. ऑक्टोबरपासून दर रविवारी आज सांगू म्हणायचे आणि आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची चौकशी करून फोन ठेवायचे. चुकलं माझं.

आईला अजून वाचायचं नाही, म्हणजे हे पत्र बाबाच मोठ्याने वाचणार. मधला एक परिच्छेद मात्र मनात वाचा. तिथे मी सांगेन.

आधी आईच्या मनात जे येईल ते. मी एकटी कधीच जात नाही. ज्यांच्या घरी तुम्ही दोघं थँक्सगिव्हिंगला जेवलात, ज्यांनी आईसाठी नवं पातेलं आणून त्यात राजमा शिजवला, तोच मित्र बरोबर असतो. आणि त्याची बेला, तीच काळी लॅब्राडोर, जिला आई टेबलाखालून पोळी भरवत होती. कोर्स केला, परीक्षा दिली, मग परवाना काढला. बंदूक पोलादी कपाटात कुलपात असते, काडतुसं दुसऱ्या कपाटात. पाणी मांडीपर्यंतच. छातीपर्यंत येणारा रबरी पोशाख असतो, त्याला बूटही जोडलेलेच, पाय कोरडे राहतात. आत दोन थर गरम कपडे आणि डोक्यावर आईने विणलेली माकडटोपी. थर्मासमध्ये आल्याचा चहा, डब्यात दशम्या. उपाशी कुणी नसतं, बेलासुद्धा.

जागा कोलूसा भागात आहे, घरापासून सव्वा तासावर. डेलेव्हन नावाचं सरकारी पक्षी आश्रयस्थान. त्याचा मोठा भाग पाखरांसाठी राखीव, तिथे बंदूक न्यायचीच नाही. उरलेल्या भागात ठरलेल्या दिवशी, सोडतीत नंबर लागला तरच. बाबा, अंधारात तिथे उतरले की नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याकाठचं चापडगावच आठवतं. तसंच पाणकणीस, तोच कुजक्या गाळाचा वास, आणि हिवाळ्यात या खोऱ्यात उतरतं ते धुकं, हातभर अंतरावरचं दिसू नये असं. आम्ही नकली बदकं पाण्यावर सोडतो आणि लव्हाळ्याच्या आडोशाला बसून राहतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी कायद्याने वेळ सुरू होते, तोवर नुसतं ऐकायचं. डोक्यावरून थवा गेला की पंखांचा आवाज शिट्टीसारखा येतो. तुम्ही स्कूटर बंद करून मला म्हणायचात ना, "आधी कान लाव, मग दुर्बीण"? इथे दर वेळी तेच करते.

बाबा, आता हा परिच्छेद मनात वाचा. मी मारलेलं पहिलं बदक थापट्या होतं. धुक्यातून आलं, चोच पाहिली आणि ओळखलं, तरीही चाप ओढला. ते पाणकणसात पडलं. मला काही केल्या सापडेना. बेला पोहत गेली, दिसेनाशी झाली आणि परत आली तेव्हा ते तिच्या तोंडात जिवंत होतं. तिने दात न लावता माझ्या हातात दिलं. पुढचं मित्राने पटकन केलं. मी ते दोन्ही हातांत धरून उभी होते, ओल्या पिसांखाली पोट अजून गरम होतं. रडले. मित्र काही बोलला नाही. घरी साफ करताना गळ्यात भाताचे दाणे निघाले, टपोरे, सालीसकट. कुत्रा नसेल तर शिकारीला जाऊच नये असं मला तेव्हापासून वाटतं, कारण बेला नसती तर तो जीव दिवसभर तिथेच तडफडला असता.

आता मोठ्याने वाचा. इथले शेतकरी पूर्वी भाताचा पेंढा जाळायचे. 1991 साली त्यावर बंधनं आली, तेव्हापासून बरेच जण कापणीनंतर शेतात पाणी सोडून पेंढा कुजवतात आणि त्या पाण्यावर लाखो बदकं हिवाळा काढतात. या खोऱ्यातली 90 टक्क्यांहून जास्त दलदल नाहीशी झालीये. जी उरली ती टिकवायला शिकाऱ्यांचाही पैसा लागतो. दर शिकाऱ्याला 25 डॉलरचं बदकांचं तिकीट, म्हणजे टपालाच्या तिकिटासारखं 'डक स्टॅम्प', घ्यावंच लागतं, 1934 पासूनची पद्धत आहे, आणि त्या पैशातून दलदलीची जमीन विकत घेतात. शिशाचे छर्रेही बदकांसाठी 1991 पासूनच बंद. पाण्यात पडलेलं शिसं गिळून पाखरं मरायची. हे सगळं खरं आहे, पण आपल्याकडे कायद्याने शिकार थांबली ते योग्यच झालं, आणि नांदूर मध्यमेश्वरला कुणी बंदूक नेली तर सगळ्यात आधी मीच ओरडेन.

आणि पैसा, कायदा हे काही माझं कारण नाही. त्या वाईट वर्षानंतर मी शनिवार-रविवार पडदेसुद्धा उघडत नव्हते, आईला ठाऊक आहे. मित्राने पहाटे चारला दार वाजवलं, "नुसती बस, कुत्र्याला धर" म्हणाला. त्या सकाळी कित्येक महिन्यांनी मला भूक लागली. म्हणून मी हे सोडणार नाहीये. जानेवारीअखेर हंगाम संपेपर्यंत जाणार. येत्या शनिवारी मात्र दत्तजयंती आहे, त्या दिवशी घरीच.

आई, तुझ्या माळेचा मान मला कळतो. मी बाहेर काय खाते ते तू कधी विचारलं नाहीस, त्याचेच माझ्यावर उपकार आहेत. तुम्ही मे महिन्यात याल तेव्हा घरात यातलं काही नसेल. बदक गराजमधल्या वेगळ्या फ्रीजमध्ये असतं, तवा-सुरी वेगळी, तुझ्या कढईला तर मी हात लावत नाही. तू माझ्या घरी जेवणार नाहीस असं मात्र म्हणू नकोस.

बाबा, पहाटे पाचला फिरायला जाणं बंद. ऊन आल्यावर जा, मफलर नाकावरून घ्या. बीपीचं मशीन कपाटावरून खाली काढा, आकडे कॅलेंडरवर लिहा आणि रविवारी मला वाचून दाखवा. आईचे थेंब चार वेळा, मोबाइलमध्ये अलार्म दादा लावून देईल. आई, वाकून केर काढायचा नाही अजून, डॉक्टरांनी सांगितलंय.

पाकिटात यंदाचं बदकांचं तिकीट आहे. परवान्याबरोबरच्या माझ्या तिकिटावर शाईने सही करावी लागते, म्हणून तुमच्यासाठी दुसरं कोरं घेतलं. त्यावर तलवार बदकाचं चित्र आहे. तलवार बदक मी मारत नाही बाबा, यंदा दिवसाला एक मारायची परवानगी आहे तरी. तिकीट चिमट्याने काढा आणि तिकिटांच्या वहीत पक्ष्यांच्या पानावर लावा, जागा नसेल तर बेल्जियमचं ते दुमडलेलं हलवा.

रविवारी नेहमीच्या वेळेला फोन करते. आधी बाबांनीच घ्या.

तुमची,
मनी