शेवयांसारखे जिवाणू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘जिवाणू हुशार झाले आहेत’ हे त्यातलं वाक्य खटकलं. मिरजेतल्या लॅबमध्ये कल्चर लावण्यात, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून बघण्यात, माझी 31 वर्षं गेली, म्हणून थोडं लिहितो.

लघवीतले ई. कोलाय हे जिवाणू रंगवलेल्या स्लाइडवर तांदळाच्या कणीसारखे आखूड दिसतात. पण एखाद्या स्लाइडवर तेच लांबच लांब, शेवयांसारखे दिसायचे. रुग्णाला विचारलं की बहुतेक वेळा उत्तर यायचं, ‘मेडिकलमधून दोन-तीन गोळ्या आणून घेतल्या होत्या.’

अशा गोळ्यांमधलं सिप्रोफ्लोक्सासिन (सिप्रो) हे औषध जिवाणूच्या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या गायरेज या एन्झाइमला पकडतं आणि डीएनए तुटतो. एरवी लेक्सए नावाचं प्रथिन दुरुस्तीची सुमारे 40 जनुकं दाबून बसलेलं असतं. तुटलेल्या जागी डीएनएचा एकेरी धागा उघडा पडला की रेकए हे दुसरं प्रथिन त्याला वेढा घालतं, आणि त्याच्या संगतीत लेक्सए आपले आपणच दोन तुकडे करून घेतं. दाब उठतो. याला शास्त्रज्ञ एसओएस म्हणतात, म्हणजे बुडत्या जहाजाची हाक. दुरुस्ती होईपर्यंत पेशी दुभंगायची थांबते, नुसती लांबत राहते. त्याच त्या शेवया.

खरी गंमत पुढे आहे. सगळी जनुकं एकदम सुटत नाहीत, कारण लेक्सएची पकड काहींवर सैल तर काहींवर घट्ट असते. आधी नीट दुरुस्ती करणारी कामाला लागतात. तेवढ्यावर भागलं तर लेक्सए पुन्हा साठतं आणि सगळं शांत होतं. नाहीच भागलं, तर शेवटी पॉलिमरेज पाच हे डीएनए लिहिणारं एन्झाइम येतं आणि मोडक्या जागेवरून चुका करत करत रेटून पुढे लिहितं (गर्दीच्या दिवशी आमचे रिपोर्ट टाइप व्हायचे तसं). बहुतेक चुका वाया जातात. एखादी मात्र गायरेजचा आकारच असा बदलते की औषध तिथे नीट बसत नाही. उंदरांवरच्या 2005 च्या एका अमेरिकी प्रयोगात, लेक्सए तुटणारच नाही असा बदल केलेल्या ई. कोलायना सिप्रोविरुद्ध प्रतिकार कमावता आला नव्हता. याला हुशारी कसली म्हणायची? ही तर घाबरगुंडी.

पुरेशा मात्रेत बहुतेक जिवाणू मरतात. अर्ध्यामुर्ध्या मात्रेत ते नुसते हादरतात, आणि हाक द्यायला तेवढं पुरतं. ही हाकच दाबून टाकणारं औषध शोधायचा प्रयत्न चालू आहे. पण आयसीयूत छळणाऱ्या अॅसिनेटोबॅक्टर या जिवाणूमध्ये लेक्सए मुळातच नाही, तिथे वेगळं प्रथिन हे काम बघतं. तेव्हा एकच किल्ली सगळ्या कुलुपांना लागेल, असं मला वाटत नाही.

सिप्रो आणि त्याच्याच कुळातलं ऑफ्लोक्सासिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा कायदा आहे. त्याच कुळातल्या लेव्होफ्लोक्सासिनची तर 2014 पासून दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. तरी गेल्या महिन्यात आमच्या मेव्हण्यांना जुलाबावर ऑफ्लोक्सासिनच्या चार गोळ्या पट्टीतून कापून मिळाल्या. चिठ्ठी कोणी मागितली नाही. दोन घेतल्यावर बरं वाटलं. उरलेल्या दोन देवघराच्या फळीवर आहेत, पुढच्या जत्रेला लागतील म्हणून.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
मिरज, जि. सांगली