पन्नास ब्लाउजचे दहा झाले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पैशापाण्याच्या पानावर नेहमी कोटीची गणितं असतात. माझं गणित दहा लाखांचं आहे आणि ते जमायला 15 वर्षं लागली. जागा असेल तर छापा.

मी कराडला घरी शिलाई करते. ब्लाउज, फॉल-पिको, जूनच्या तोंडावर गणवेश. 2008 पर्यंत माझी बचत म्हणजे गल्लीतली भिशी. ती चालवणारी बाई त्या दिवाळीत सगळ्यांचे पैसे घेऊन गाव सोडून गेली. माझे 9 हजार गेले. त्याच रागात 2009 च्या एप्रिलमध्ये पोस्टात पीपीएफचं (पब्लिक प्रॉव्हिडंट फंड, सरकारची लांब मुदतीची बचत योजना) खातं काढलं आणि महिन्याला 3 हजार ठरवले. साध्या ब्लाउजची शिलाई तेव्हा 60 रुपये होती. म्हणजे महिन्यातले पन्नास ब्लाउज पोस्टाचे, उरलेले घराचे.

पहिली तीन वर्षं मी दहा-बारा तारखेला पैसे भरत होते. मग खिडकीवरच्या मॅडम म्हणाल्या, "ताई, पाच तारखेच्या आत येत जा." पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज धरतात, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या तीन वर्षांत दर महिन्याच्या हप्त्याचं एक महिन्याचं व्याज मी नुसत्या आळसाने घालवलं होतं.

व्याजदर सुरुवातीला 8 टक्के होता, 2012-13 मध्ये 8.8 झाला आणि एप्रिल 2020 मध्ये 7.1 वर आला, तो अजून तिथेच आहे. तेव्हा लॉकडाउन होता, मशीन झाकून ठेवलेलं. एप्रिल आणि मेचे हप्ते जूनमध्ये मास्क शिवून एकदम भरले.

मार्च 2024 चं व्याज पडलं तेव्हा पासबुकात 9 लाख 96 हजार आणि वर काही होते. एप्रिलचे 3 हजार भरले तरी दहा लाख थोडक्यात हुकले! महिनाभर तोच आकडा डोक्यात. 1 मेची सुट्टी, म्हणून 2 तारखेला गेले आणि पासबुक छापून घेतलं. खिडकीवर आता कोणी नवीन मुलगा होता, त्याला काय त्याचं. बाहेर येऊन एकटीनेच उसाचा रस प्यायले, मोठा ग्लास.

मुदत संपली तेव्हा, 31 मार्च 2025 ला, 11 लाख 4 हजार झाले. त्यातले माझ्या हातचे 5 लाख 76 हजार, बाकीचं व्याज, त्यावर करही नाही. नणंद म्हणते, सोनं घेतलं असतंस तर? बरोबर आहे तिचं. मी खातं काढलं तेव्हा पंधरा हजारांच्या आसपास असलेला तोळा 2025 च्या एप्रिलमध्ये लाखाला टेकला. पण तिच्या पाटल्या मुलाच्या दुकानासाठी मोडल्या, माझं पासबुक कोणी मोडायला मागितलं नाही, कारण ते घरात कोणाला दिसतच नव्हतं.

मुदत संपल्याचा वास कसा लागला कोण जाणे, एक ओळखीचे गृहस्थ पॉलिसीचे कागद घेऊन आले. "सगळे काढा, यात टाका, दुप्पट होतात." मी विचारलं, पाचव्या वर्षी हप्ता थांबवला तर हातात किती येतील? त्यावर त्यांनी चहाचं कौतुक केलं. मी पोस्टात जाऊन पाच वर्षांची मुदतवाढ घेतली. त्यासाठी मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. अर्ज न देता नुसते पैसे भरत राहिलं तर त्या पैशांवर व्याज मिळत नाही. आमच्या गल्लीतल्या दोघींना हे माहीत नव्हतं, म्हणूनच खरं तर हे पत्र.

आणि माझी चूक. आज साध्या ब्लाउजचे मी 300 घेते. म्हणजे तेच 3 हजार आता दहाच ब्लाउजचे झाले. पन्नास शिवून टाकणारी बाई दहा शिवून समाधानी राहिली. खात्यात वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, 2014 पासून. मी 36 हजारांवरून हलले नाही. दरवर्षी महिन्याला पाचशे वाढवले असते तर किती झाले असते, हा हिशेब मुलगी मोबाइलवर करायला बसली होती. मी करू दिला नाही. या महिन्यापासून 6 हजार भरते आहे.

कृपया नाव छापू नये. धाकट्या दिरांच्या मुलीचं लग्न ठरलं आहे आणि ते आपला पेपर रोज वाचतात.

आपली,
एक शिलाईवाली, कराड