सूचना : १३ डिसेंबर, मिथुन उल्कावर्षाव

परदेशात शिकणाऱ्या आपल्या सगळ्या आकाशवेड्यांना आठवण. परीक्षा तोंडावर आल्यात, ठाऊक आहे. तरी १३ तारखेची रात्र मोकळी ठेवा. दुर्बीण आणू नका, उल्कांना उघडे डोळेच बरे. अंधाराला डोळे सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि एकाने मोबाइल उघडला की सगळ्यांचं मुसळ केरात! टॉर्चवर लाल जिलेटीन लावा. उल्का आकाशात कुठेही दिसतील. त्यांच्या रेघा मागे नेल्या की पुनर्वसू नक्षत्रातल्या कॅस्टर ताऱ्याजवळ एकत्र येतात. या उल्कांचा जनक, म्हणजे ज्याच्या धुळीतून त्या येतात तो, नेहमीसारखा धूमकेतू नव्हे, ३२०० फेथॉन हा लघुग्रह. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, थंडीत लवकर मान टाकते. परतीच्या बसची वेळ आधीच बघा. येणाऱ्यांनी १० तारखेपर्यंत नाव कळवावं.