आबांनी चार दिवस लपवलेली गोष्ट

कराड,
रविवार, 14 डिसेंबर 2025

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी तुझा फोन आला तेव्हा काउंटरवर रांग होती. "आत्ता पैसे भरू नकोस, मेल मला पाठव" एवढंच बोलून मी फोन ठेवला. तू हिरमुसलीस हे आवाजावरून कळलं. सहा महिने अर्ज करते आहेस, पहिल्यांदाच कुणीतरी "तुमची निवड झाली" म्हणालं आणि आईने त्यावर पाणी ओतलं. काल दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. तो मेल मी तीनदा वाचला.

पत्र देखणं आहे. लेटरहेड, गोल शिक्का, सही, वर्षाला साडेचार लाख पगार. पण तुझी मुलाखत कुणी घेतली? व्हॉट्सअ‍ॅपवर चार प्रश्न विचारले, ती मुलाखत नव्हे. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलंस की खाली खरा पत्ता उघडतो. नाव कंपनीचं, आणि पत्ता कुणालाही पाच मिनिटांत काढता येईल अशा फुकटच्या मेलचा. लॅपटॉपच्या डिपॉझिटचे 1,850 रुपये 24 तासांत भरायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला. तो क्यूआर कोड मी स्कॅन करून पाहिला. कंपनीचं नाव आलंच नाही, एका माणसाचं आलं. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर येणारं ते नाव वाचत जा, बहुतेक जण वाचत नाहीत. आणि नोकरी देणारा पगार देतो गं, तुझ्याकडून घेत नाही.

हा मेल तसा कच्चाच होता. याहून सफाईदार येतील. इंग्रजी पत्त्यात छोटा आर आणि एन शेजारी लिहिले की एमसारखे दिसतात, घाईत डोळ्याला कळत नाही. लिंकमध्येही अशीच फसगत असते. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधी जे लिहिलेलं असतं तो त्या पानाचा खरा मालक. त्याच्या डावीकडे बँकेचं नाव चारदा लिहिलेलं असलं तरी त्याला अर्थ नाही. यासाठीच रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळं "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. तो पत्ता बँकांशिवाय कुणाला मिळत नाही.

हे सगळं तू एकदा वाचलंस की तुला येईल, तू माझ्याहून हुशार आहेस. पण हुशारीने भागत नाही हे मी घरातच पाहिलंय. ते तुला आजवर सांगितलं नव्हतं.

जुलै 2022. तू बारावीला होतीस, क्लासला गेली होतीस. आबांच्या मोबाइलवर मेसेज आला की मागचं लाइट बिल जमा झालेलं नाही, आज रात्री 9.30 वाजता वीज तोडली जाईल, खालच्या नंबरवर अधिकाऱ्याशी बोला. आबांनी बिल भरलेलं होतं, पावती डायरीत चिकटवलेली होती. तू आबांना ओळखतेस, आयुष्यात एक बिल उशिरा भरलेलं नाही त्यांनी. म्हणूनच ते घाबरले. फोनवरचा माणूस अदबीने बोलला. एक अ‍ॅप घ्यायला लावलं आणि "फक्त 10 रुपये भरा, रेकॉर्ड अपडेट होईल" म्हणाला. ते अ‍ॅप समोरच्याला आपला पडदा दाखवणारं होतं. आबांनी कार्डाचा नंबर टाकला तो त्याला दिसला, पाठोपाठ आलेला ओटीपीही दिसला. तीन वेळा मिळून 68,000 रुपये गेले.

पैसे गेले त्याचं दुःख मी कधीच पचवलं. आबांनी ते चार दिवस कुणाला सांगितलं नाही, ते मला अजून टोचतं. ते संध्याकाळी प्रीतिसंगमावर जायचे थांबले. ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवायचे. मला वाटलं, पावसाने गुडघे धरलेत. त्यांची सून बँकेत, रोज लोकांना "ओटीपी देऊ नका" सांगते, आणि तिच्याच घरात हे घडलं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, असं त्यांच्या मनात होतं. पाचव्या दिवशी पासबुक भरायला मी घेतलं तेव्हा मला कळलं.

त्याच दिवशी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन लावला, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली. मग समजलं की तो नंबर कसा चालतो. तक्रार नोंदली की ती थेट संबंधित बँकेकडे जाते, आणि पैसे ज्या खात्यात असतील तिथेच अडवून ठेवता येतात. तिथून पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला कळवलं जातं. पण पलीकडचे लोकही बसून राहत नाहीत. काही मिनिटांत पैसे एका खात्यातून चार खात्यांत फुटतात आणि मग एटीएममधून नोटा होऊन बाहेर पडतात. आबांनी त्या तासाभरात मला हाक मारली असती तर कदाचित निम्मे तरी अडले असते. पाचव्या दिवशी अडवायला काही उरलंच नव्हतं.

रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियमही असाच वेळेवर चालतो. तुझी चूक नसताना बाहेरच्या कुणी खात्यातून पैसे काढले आणि तू तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलंस, तर तुझं नुकसान शून्य. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी फोन लवकर केलाच पाहिजे, उलट तेव्हा तर जास्तच.

आता जे सांगते ते तुझ्या खोलीतल्या दोघींनाही वाचून दाखव. आबांचे पैसे पहिल्यांदा ज्या खात्यात गेले ते कुणा सराईत गुन्हेगाराचं नव्हतं. पोलिसांनी सांगितलं, ते कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाचं होतं. काही हजार रुपयांसाठी त्याने पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती दिलं होतं. "महिनाभर खातं वापरायला दे, कमिशन मिळेल" असं त्याला कुणीतरी सांगितलं असणार. मला त्या मुलाचा राग यायला हवा होता. पण मी त्याच्या आईचाच विचार करत बसले. आमच्या काउंटरवर अशी पोरं येतात. खातं गोठलेलं असतं, परराज्यातल्या पोलिसांची नोटीस असते, आणि "मॅडम, मी काहीच केलं नाही" म्हणत उभी असतात. नोकरी नसलेल्या मुलामुलींनाच हे लोक हेरतात. उद्या तुलाही कुणी "ऑनलाइन पार्ट टाइम काम आहे, फक्त खात्यात आलेले पैसे पुढे पाठवायचे" म्हणेल. मुक्ता, ते काम नाही. खातं आपल्या नावावर आहे म्हणजे त्यातून जे जाईल त्याला आपण उत्तर द्यायचं. मैत्रिणीची अडचण असली तरी खातं द्यायचं नाही. रोख हवी असेल तर मला माग.

मागच्या वर्षी एक निवृत्त शिक्षिका एफडी मोडायला आल्या होत्या. कानात इअरफोन, पर्समधला फोन चालू. मी कारण विचारलं तर "घरचं काम आहे" एवढंच म्हणाल्या, आणि हात थरथरत होता. मी स्लिपवर लिहून विचारलं, "फोनवर कुणी आहे का?" त्यांनी मान हलवली. दोन दिवस व्हिडिओ कॉलवर एक वर्दीतला माणूस त्यांना "डिजिटल अटक" झाली आहे असं सांगत होता. मुलाला कळवलं तर त्यालाही पकडू, अशी धमकी. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी "मन की बात"मध्येही हे सांगितलं होतं. बाईंनी ते ऐकलेलं होतं, मला म्हणाल्यासुद्धा. तरी एकट्या असताना ते आठवलं नाही. त्या दिवशी त्यांचे पैसे वाचले ते केवळ कुणीतरी शेजारी उभं होतं म्हणून.

म्हणून तुझ्याकडून मला एकच वचन हवं आहे. कुणी "हे कुणाला सांगू नकोस" म्हणालं की त्याच क्षणी तू मला सांगायचंस. पैसे गेलेच तर आधी 1930, मग मी. रात्रीचे दोन वाजलेले असोत, मी कामात असो, लाव फोन. किती गेले हे मी विचारेन, का दिलेस हे नाही विचारणार. बाबांनाही मी तसं बजावलंय.

तुझ्या मेलचा पासवर्ड आजच बदल आणि टू-स्टेप चालू कर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाईल. मेल ज्याच्या हातात गेला त्याला बाकी सगळ्यांचे पासवर्ड नव्याने करून घेता येतात. त्या कंपनीला उत्तर देऊ नकोस, पण मेल पुसूही नकोस. तक्रार करताना तो लागेल. पोर्टलवर आपण दोघी मिळून करू.

हे पत्र लिहिण्याआधी मी आबांना विचारलं, तुमचं सगळं मुक्ताला लिहू का? ते बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लिही. आणि शनिवारी येऊ दे तिला, त्या माणसाने मला काय काय बोलून घाबरवलं ते मीच सांगतो." सकाळची एस.टी. धर, बाबा स्टँडवर येतील.

तुझी,
आई